दोन सेकंद

"कडेला व्हा!" असं ओरडतच ती पाण्यात उतरायची. नमस्कार नाही, जरा सरता का नाही. तोंडावर मी तिला मॅडम म्हणायचे, अहो-जाहो करायचे. लिहिताना नाही करणार.

सोलापुरात पोहण्याच्या तलावावर सकाळच्या बायकांच्या बॅचला मी कामाला आहे. कपडे बदलायची खोली धुवायची, बायकांच्या वस्तू सांभाळायच्या. बॅचच्या बायका पोहतात कमी, छातीभर पाण्यात उभ्या राहून बोलतात जास्त. कुणाचा गुडघा, कुणाची सून. ही मॅडम जुळे सोलापूर भागातून स्कूटीवर यायची, कुठल्याशा ऑफिसात साहेबीण होती. ती आली की मधली पट्टी मोकळी करावी लागायची. "म्हशींसारखं डुंबायचं असेल तर कडेला डुंबा," म्हणायची. बॅचमधल्या एका जाड काकूंनी एकदा ऐकवलं, "आमी म्हशी, अन् तुमी काय मासोळी व्हय? मासोळीला एवढी धाप लागत न्हाय!" सगळ्या हसल्या. मीही तोंड फिरवून हसले.

धाप लागायची हे खरं. शाळेत असताना तिनं म्हणे राज्याचं पदक आणलं होतं. लग्नात पोहणं सुटलं, ते सत्तेचाळिसाव्या वर्षी परत धरलं. पहिल्या दिवशी एक फेरी मारली आणि काठावर येऊन ओकली. मी बघत उभी. "बघतेस काय? पाणी मार," म्हणाली. तुम्हाला वाटेल, आता कसली येते. दुसऱ्या दिवशी माझ्याआधी फाटकात उभी होती, आणि मलाच उशिरासाठी बोलली.

मोठ्या वयाच्या माणसांच्या स्पर्धा असतात. त्यात तिला उतरायचं होतं. पंचवीस मीटर जायचं आणि परत यायचं, बेडकासारखे हात फाकत. अट तिची तिनंच घातलेली. पन्नास सेकंदांच्या आत आले तरच फॉर्म भरणार. "हसं करून घ्यायला जाणार नाही मी." वेळ बघायला माणूस हवं म्हणून तिनं स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलं.

"किती शिकलीस?"

"चौथी."

"आकडे येतात ना? मग बास."

आकडे येतात मला. पोहताही येतं. गावाकडं, जेऊरला, आमची विहीर होती. बापानं पाठीला वाळका भोपळा बांधून मला तिच्यात सोडलं होतं. आठ दिवसांत भोपळा सुटला. हे मी तलावावर कुणालाच बोलले नव्हते. एकदा ती चोपन्नात आली, खुशीत दिसली, म्हणून धीर करून विचारलं, "मॅडम, मलाबी पवायला येतंय. बायका गेल्यावर एकदा उतरू का?"

तिनं पाण्यातला चष्मा कपाळावर सरकवला. "विहिरीत हातपाय मारणं म्हणजे पोहणं नव्हे. आणि हे पाणी आमच्या नाकातोंडात जातं. तू घड्याळ धर."

सगळ्या बायकांनी ऐकलं. मी घड्याळ धरलं.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन सेकंद वाढवून सांगायला लागले. चोपन्न असले की छप्पन्न, त्रेपन्न असले की पंचावन्न. घरच्या चष्म्याशिवाय तिला आकडा दिसायचा नाही. सांगितलं की मी लगेच शून्य करून टाकायचे. ती पाण्यावर थाप मारायची, "परत!" थंडीत यायची, तापातून उठून यायची. एका खांद्याला औषधाची पट्टी चिकटवलेली असायची, ती पाण्यात सुटून तरंगायची, आणि मी जाळीनं काढायचे. लिहितेच आहे तर खरं लिहिते. तेव्हा मला बरं वाटायचं.

फॉर्मचा शेवटचा दिवस सोमवार होता. त्या दिवशी ती ओरडलीच नाही. बायका आपणहून सरकल्या. काकू म्हणाल्या, "येऊ द्या की गं बाईला." ती गेली, वळली, परत आली, दोन्ही हात भिंतीला लावले. मी बटण दाबलं. एकोणपन्नास.

तिनं मान वर केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"किती?"

जिभेला सवय लागली होती. "एक्कावन्न."

"बरं," म्हणाली. टोपी काढली आणि शिडीनं वर गेली. थाप नाही, परत नाही.

तीन दिवस ती आली नाही. शुक्रवारी टॉवेल आणि साबणाची डबी न्यायला आली. फॉर्मची तारीख गेली होती. ती चपला घालत होती तेव्हा मी म्हणाले, "मॅडम, सोमवारी एकोणपन्नास हुतं. मी रोज दोन वाढवून सांगत हुते."

एक चप्पल पायात, एक तशीच. मी मान खाली घालून थोबाडीत बसायची वाट बघत राहिले.

"का?"

मी पाण्याकडं बघितलं. तिनंही बघितलं.

"तेव्हाच तोंडावर बोलायचं होतंस," म्हणाली.

मी गळ्यातलं घड्याळ काढून पुढं केलं. तिनं हात पुढं केला नाही. "ठेव तुझ्याकडंच. रोज दिसू दे तुला."

पुढं तिची बदली बार्शीला झाल्याचं कळलं. तिथं पोहायला तलाव आहे का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

घड्याळ कपड्यांच्या खोलीत खिळ्याला आहे. मधल्या पट्टीत आता बायका उभ्या राहून बोलतात. परवा सव्वासहा झाले, तिची यायची वेळ, आणि पट्टी बायकांनी भरलेली. माझा आवाज एरवी खोलीच्या दाराबाहेर जात नाही. काठावर गेले आणि ओरडले, "कडेला व्हा!"

सगळ्या सरकल्या. काकूंनी वळून फाटकाकडं बघितलं.