वांगं भाजेपर्यंत

हिवाळ्यात असोद्याला शेतात भरीत पार्टी ठरवायची म्हणजे फोन करून करून कान दुखत. म्हणून मी पायथनमध्ये एक छोटं वेब अ‍ॅप लिहिलं. माणसं किती, तिखट कितपत, पुरी की कळण्याची भाकरी, एवढंच ते विचारायचं. पान उघडायला वेळ लागे. तेवढा वेळ नुसतं फिरतं चाक दाखवण्याऐवजी मी तिथे आईचं वाक्य टाकलं. स्वयंपाकघरात घिरट्या घालणाऱ्या भुकेल्या माणसाला ती आपल्या माहेरच्या, धुळ्याच्या अहिराणीत सुनावते, "जरा दम धर, वांगं भाजाई राह्यनं."

कॉलेजपासूनची माझी मैत्रीण रंग आणि बटणं बघायची. जळगावला आमच्या घरी एका ताटात जेवून आम्ही एकमेकींच्या चुका काढायचो. धुळ्याला नोकरी लागल्यावर तिने सगळा कोड मागितला, सवडीने बघते म्हणाली. मी डोळे झाकून दिला.

पुढे तिचा फोन आला. धुळ्यात नवउद्योजकांचा कार्यक्रम आहे, काकूंनाही घेऊन ये. आम्ही मायलेकी नटूनथटून गेलो. बाईसाहेब स्टेजवर, मागे पडद्यावर माझंच अ‍ॅप, नवे कपडे घातलेलं. कल्पना माझी, बांधणी माझी, सगळं एकटीने केलं, असं ती हसतमुखाने सांगत होती. आई कौतुकाने टाळ्या वाजवत होती. माझे हात मांडीवरून हलेनात.

चहाच्या वेळी मी तिला गाठलं. ती शांतपणे म्हणाली, "अगं, मी सगळं नव्या फ्रेमवर्कमध्ये परत लिहिलंय. तुझी एक ओळसुद्धा त्यात उरलेली नाही."

तिला खरंच तसं वाटत होतं. म्हणून तर तिने मला बोलावलं होतं, आणि तेच मला जास्त लागलं. चोरून केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

तेवढ्यात आईने अ‍ॅप बघायला तिचा फोन मागून घेतला. हॉलमध्ये रेंज धड नव्हती, पान अडकलं. आईने चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "जरा दम धर, वांगं भाजाई राह्यनं." ती खुदकन हसली. "हाई तं मन्हंच बोलनं शे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पन तुन्हं नाव कोठे शे?"

मैत्रिणीने फोनसाठी हात पुढे केला, पण पान उघडलं होतं आणि आई ते वरपासून खालपर्यंत बोटाने सरकवत माझं नाव शोधत होती.