बाल्कनीची पिवळी भिंत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला कदाचित सांगितलं असतं, पण तो आधीच गेला. आता तुम्हाला सांगते. चौथीपर्यंत शिकलेय, जमेल तसं लिहिते.

मुलगा सरकारी नोकरीत. दिल्लीत आर. के. पुरममध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर. माझी खाट काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं — नव्हतं? वाटत होतं. आज खोटं लिहायला बसलेले नाही.

सात वर्षं झाली. मोठी नात सानिका तेव्हा अकराची, धाकटी जुई पाचची. सानिकाला वाढदिवसाला ठोकळ्यांचा खेळ आणला होता. ठोकळे खरेच, एकात एक बसवून घर बांधायचं. पण बांधून झालं की त्याच्यासमोर टॅब धरायचा — मग टॅबच्या काचेत त्याच घरात दिवे लागायचे, माणसं चालायची. टॅब बाजूला केला की नुसते ठोकळे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घराच्या मागे जाऊन वाकून पाहिलं होतं, माणसं कुठे लपलीत म्हणून.

शाळेच्या प्रदर्शनासाठी सानिकाने आमचंच क्वार्टर बांधलं. कोण कुठल्या खोलीत, हे ती टॅबवर बोटाने ठरवायची. मला बोलावून दाखवलं. नागपूरची आजी, म्हणजे सुनेची आई, वर्षातून आठ दिवस येणारी — ती आतल्या खोलीत दिवाणावर. आणि मी? पांढऱ्या केसांची एक म्हातारी बाल्कनीत दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे.

"मी आत का नाही गं?"

"आजी, तुझा बेड तो इधर ही है ना."

पोरीने रोज जे बघितलं ते बांधलं. तिची काय चूक? पण मला झोंबलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी घरात मी आणि जुई. जुई झोपली होती. घर खोक्यात भरून ठेवलेलं. मी खोकं उघडलं आणि बाल्कनीची पिवळी भिंत — चार ठोकळे — उचकटून काढली. डोक्यात काय होतं सांगू? बाल्कनीच राहिली नाही, तर ती म्हातारी आत येईल. तेवढंच. ठोकळ्यांची ठेवण बघूनच टॅब घर ओळखतो, हे मला कुठे ठाऊक? परत बसवायला संध्याकाळपर्यंत वेळ होता. नाही बसवले. उशीच्या अभ्र्यात घातले.

दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांसमोर सानिकाने टॅब धरला. एक दिवा लागला नाही, एक माणूस चाललं नाही. पोर रडत घरी आली. सून विचारायला लागली, खोक्याला हात कुणी लावला?

घर बिघडेल हे मला माहीत नव्हतं, खरंच नव्हतं. पण पुढे जे बोलले ते सगळं माहीत असून बोलले. कुणी माझ्याकडे बघितलंही नव्हतं, तरी बोलले — "काल दुपारी जुई खेळत होती तिथे."

"जुई, सच बोल," सून म्हणाली. जुई नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा हो म्हणाली. थप्पड बसली. ठोकळे माळ्यावर गेले. ते चार मी सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकले.

पाच वर्षांच्या पोरीला किती आठवणार, असं मी धरून चालले. पण तिला आठवतं — मी सांगितलं तेच आठवतं. 'मी सानिकाताईचं घर तोडलं होतं', हे ती आता स्वतः सांगते. घरात पेला फुटला, रिमोट बिघडला, की पहिलं नाव तिचं. चहाचा ट्रे कुणी तिच्या हातात देत नाही. तीही मागत नाही.

मागच्या रविवारी पोहे खाताना तिने एक फॉर्म काढला. शाळेत सुटे भाग जोडून यंत्रं बनवायचा वर्ग निघतोय, आणि बाईंनी वर्गातून तिचं एकटीचं नाव दिलंय. बारा वर्षांची पोर, तो कागद किती जपून धरला होता.

"तू?" सून म्हणाली. "अगं, तू तर सगळं तोडून येशील."

"बचपन का रेकॉर्ड है मॅडम का," सानिका म्हणाली.

मुलगा हसला. सून हसली. मी काय केलं? तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मीही हसले.

जुईने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग तीही हसली. "अच्छा यार, नाही जात," म्हणाली, आणि फॉर्मची घडी घालायला लागली.