मसाल्याच्या पुड्यावरची भागीबाई

आधीच सांगून टाकते, भागीबाईला मी मारलं. मुद्दाम नाही, पण मारलं ते मीच, आणि तेही ऑफिसात बसून, चहा पिता पिता.

गंगापूर रोडला आमचं वेबसाइटी बनवायचं दुकान आहे. दुकानच म्हणते, कारण येणारे लोक भाजी घेतल्यासारखी घासाघीस करतात. एक खोली, दोन कॉम्प्युटर, मी आणि नौशाद. नौशाद देवळाली कॅम्पचा. तिथं त्याचा फोटो स्टुडिओ होता, फौजींच्या बायकापोरांचे फोटो काढायचा. हातोहाती मोबाईल आले, स्टुडिओ बसला आणि तो कॅमेरा घेऊन माझ्याकडे आला. मी, साधना, मजकूर लिहिते आणि फुकटचे फोटो शोधते.

हे फुकटचे फोटो म्हणजे काय, तेही सांगते. वेबसाइटला फोटो लागतात, मागे वाजायला संगीत लागतं, वर हलता व्हिडिओ लागतो. गिऱ्हाइकाला सगळं हवं असतं, फक्त त्याचे पैसे मागू नका. मग आम्ही अशा साइटींवर जातो, जिथं जगभरची माणसं आपले फोटो ठेवून मोकळी होतात. घ्या, वापरा, विचारू नका. आयजीच्या जिवावर बायजी उदार. पंचाईत एवढीच की तिथं शेतकरी शोधला की हॅट घातलेला गोरा येतो. एका कांदेवाल्याच्या वेबसाइटवर मी बर्फात उभा असलेला शेतकरी लावला होता. त्याला तो इतका आवडला की त्यानं त्याचं कॅलेंडर छापलं.

तर एक दिवस राकेश आला. त्याचा मसाल्याचा धंदा. त्याला पुड्यावर आणि वेबसाइटवर आजी पाहिजे होती, कारण आजीचा मसाला म्हटलं की खपतो. त्याला नवसाबाई नावाची सख्खी आजी होती. पण तिनं जन्मात कॅमेरा जवळ येऊ दिला नाही, आणि राकेशनं स्वतःच कबूल केलं की ती स्वयंपाकघरातही फारशी गेली नाही. "पण नाव चांगलं आहे ना ताई," तो म्हणाला. "नाव आपलं, चेहरा तुम्ही बघा."

मी शोधायला बसले. म्हातारी, भारतीय, हसरी. चौथ्या पानावर ती सापडली. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, पुढचा एक दात गायब, आणि डोळे मिटून असं हसू की वाटावं हिच्या हातची भाकरी खाऊनच उठावं. मी ती उचलली. राकेशची आजी वारलेली होती, म्हणून चंदनाचा हार चढवला. हारही फुकटचाच, दुसऱ्या एका साइटवरचा. खाली लिहिलं, कै. नवसाबाई. मग हात सैल सुटला आणि मी तिचं चरित्रही लिहिलं. चुलीपुढे गेलेलं आयुष्य, गावाला जेवू घालणारी माउली, आणि झोपेतच आलेला शांत मृत्यू, ओठांवर देवाचं नाव. राकेश वाचून रडला. खरंच रडला, मी टिश्यू दिला.

नौशाद तेव्हा त्याच्या भाचीच्या, इन्शाच्या लग्नाला आठ दिवस सुट्टीवर होता. परत आला तेव्हा टेबलावर छापील पुडा पडलेला. त्यानं तो उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"साधनाताई, ही तर भागीबाई आहे."

"कोण भागीबाई?"

"आपल्या चौकात बसते ती. मेथी, शेपू. हा फोटो मीच काढलाय, तीन वर्षं झाली. विचारून काढला होता. ती म्हणाली, काढ, पण दोन जुड्या घे."

त्यानं दोन जुड्या घेतल्या होत्या आणि फोटो त्या साइटवर टाकून दिला होता. मी अख्खं जग धुंडाळून जी म्हातारी आणली, ती आमच्या खिडकीखाली बसत होती. मला माहीत कसं असणार, मी भाजी मोबाईलवरून मागवते.

"जिवंत आहे?" मी विचारलं.

"सकाळीच शेपू घेतला तिच्याकडून."

आता खरं तर तेव्हाच राकेशला फोन करायचा. पण चाळीस हजार पुडे छापून झाले होते. मी नौशादला म्हटलं, गप्प बस, कोण बघतंय. याची मला अजून लाज वाटते. बघणारं कोण असतं हे बसल्या जागेवरून ठरवायला मी कोण लागून गेले होते?

चार महिन्यांनी भागीबाई आमचा जिना चढून आली. फोटोतल्यापेक्षा लहानखुरी. फोटो काढणारा नौशाद इथं काम करतो हे तिला ठाऊक होतं. पदराला ओले हात पुसले, राकेशचा पुडा टेबलावर ठेवला आणि बसली.

"हे तुम्ही केलं व्हय?"

मला वाटलं, आता ही शिव्या घालणार, पोलिसात जाते म्हणणार. तसं काही नाही. तिनं शांतपणे सांगितलं ते असं. तिचं माहेर कळवणजवळच्या एका खेड्यातलं. मूलबाळ नाही. सोळा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून नाशकात भाजी विकते. रक्ताचं माणूस एकच, थोरला भाऊ सावळीराम. पण अकरा वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नात मानाच्या साडीवरून वाजलं. हिला सुती आली, विहिणीला भरजरी. हिनं साडी मांडवातच परत टाकली आणि तडक एसटीत बसली. तेव्हापासून त्यानं बोलावलं नाही, ही गेली नाही. दोघंही एका हाडाची.

आणि आता सावळीरामबाबांनी किराणा दुकानात हा पुडा पाहिला. चेहरा बहिणीचा, वर हार. नाव वेगळं, पण बाई सासरी गेली की नाव बदलतंच, शहरात आणखी बदललं असेल. त्यांनी पुड्यावरच्या नंबरवर फोन केला. तो राकेशनं उचलला आणि माझं चरित्र पाठ म्हणून दाखवलं. शांतपणे गेल्या हो, झोपेतच.

भाऊ मटकन खाली बसला. हिला मागे कुणी नाही, म्हणून त्यानं डोकं भादरलं, बातमी कळली त्या दिवसापासून सुतक धरलं, दहावं केलं आणि तेराव्याला गाव जेवू घातलं. हे भागीबाईला कळलं कसं? माहेरच्या गावचा एक टेम्पोवाला मार्केटात माल टाकून चौकातून चालला होता. तिला बघून त्यानं टेम्पो दुभाजकावर घातला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "आत्या, मी तुझी बुंदी खाल्लीये."

"मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात," नौशाद म्हणाला. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

"वाढू दे की," भागीबाई म्हणाली. "पण ते घालवायचं कुठं? दिवाळीला गेले न्हाई तरी मनात होतं, एक दिस दादा बोलवील. आता मेलेलीला कोण बोलवतो? मला जिती करा, बास."

आधी फोन लावला. सावळीरामबाबांनी तिचा आवाज ऐकला आणि भडकले. "आवाज बनवता काय रे. टीव्हीवर दाखवत्यात आमाला सगळं. मेलेल्या बहिणीचा आवाज काढता, लाज वाटू द्या." मग व्हिडिओ कॉल केला. ते म्हणाले, "तोंडं बी बनवत्यात आता," आणि बोलता बोलता हुंदका आला तसा फोन ठेवला.

मी कपाळाला हात लावला. भागीबाईचं भलतंच.

"दादा रडला ना? माझ्यासाठी रडला ना आत्ता?" तिनं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा आमच्याकडून हो वदवून घेतलं.

मग राकेशला बोलावलं. दारात भागीबाईला बघताच त्यानं सरळ तिच्या पायांवर लोळण घेतली. "आजी," म्हणाला आणि उठेचना. पुड्यावरच्या आजीची गोष्ट त्यानं इतक्यांना इतक्यांदा सांगितली होती की त्याची स्वतःची आजी केव्हाच पुसली जाऊन तिथं भागीबाई बसली होती. डोळे पुसून त्यानं हात जोडले. पंधरा दिवसांवर पुण्यतिथी आहे, चारशे पानं उठणार आहेत, तोवर आजींनी कुणाला दिसू नये.

"जेवायला काय ठेवलंय?" भागीबाईनं विचारलं.

"पुरणपोळी."

"मग येते. मागच्या बाजूला बसते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी राकेशला म्हटलं, पुडे बदल, नाहीतर तुझी वेबसाइट आज बंद. बरीच खळखळ केली त्यानं, पण शेवटी कबूल झाला, आणि भावाला दाखवायला लेटरहेडवर चिठ्ठीही दिली. शिक्का मारून. मजकूर असा: आमच्या आजी कै. नवसाबाई या हयात असून त्यांची प्रकृती उत्तम आहे.

रविवारी नौशादच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. भागीबाईनं हातातली पिशवी वाटभर सोडली नाही.

गावात शिरलो तेव्हा पहिलं एक पोरगं पळालं, मग दोन बाया. सावळीरामबाबा ओट्यावर बसले होते, डोक्यावर बोटभर वाढलेले पांढरे खुंट. बहिणीला बघून उठले, पुन्हा बसले. पुढे आली ती त्यांची बायको, बायडाबाई. तिनं नणंदेचा हात दोनदा चिमटून बघितला आणि म्हणाली, "गरम हाय."

पण आत घेईनात. देवळातला वाळू गुरव बोलावला. मी ती चिठ्ठी पुढे केली. त्यानं चष्मा लावून वाचली.

"कैलासवासी बी आणि हयात बी? एक काय ते ठरवा," म्हणाला. मग बराच वेळ विचार करून त्यानं निकाल दिला. जिचं दहावं झालं ती तशी उंबरा ओलांडू शकत नाही. तिला पुन्हा जन्माला घालायची, म्हणजे बारसं करायचं. मी आजवर असलं काही ऐकलं नव्हतं, पण तो इतका ठामपणे बोलला की त्याला विरोध करायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

अर्ध्या तासात शेजारून पाळणा आला. अडुसष्ट वर्षांची भागीबाई त्यात मावेना, म्हणून तिची पिशवी पाळण्यात निजवली आणि ती पाळण्याला हात लावून बसली. बायकांनी पिशवीला झोके देत गाणी म्हटली. घुगऱ्या शिजल्या. नौशादनं सवयीनं कॅमेरा काढला, तो मी परत आत ठेवायला लावला.

नाव ठेवते ती आत्या. भागीबाईच्या आत्या कधीच्याच गेल्या होत्या. गुरव म्हणाला, मग भावानं कानात नाव सांगावं. सावळीरामबाबा आले, तिच्या कानाशी वाकले. वाकले ते वाकलेलेच. तोंडातून आवाज नाही.

"मोठ्यानं सांग दादा, ऐकू येत न्हाई," ती म्हणाली.

ते ताठ झाले आणि आतल्या खोलीत निघून गेले. बायकांनीच मग भागीबाई भागीबाई म्हणून तिच्या पाठीवर थापट्या दिल्या आणि बारसं उरकलं. तिचं तोंड एवढंसं झालेलं मला बघवेना. एवढं करून भाऊ बोललाच नाही.

आम्ही आत गेलो. भिंतीवर मसाल्याच्या पुड्याचा पुढचा भाग कापून चौकटीत घातला होता. त्यावर छापलेला हार होताच, वर झेंडूचा खरा. नौशाद पटकन पुढे झाला, चौकट उतरवायला.

"हात लावू नका तिला," सावळीरामबाबा म्हणाले. खाटेवर बसले होते, मान खाली. "रोज सांच्याला मी हिच्याशी बोलतो. पाऊस किती झाला, कोण वारलं, कुणाला नात झाली. अकरा वर्षांत बोललो न्हाई ते सगळं या तीन महिन्यांत बोललो. आता ही खरी समोर आली, आन् मला शब्द फुटंना."

भागीबाईनं पिशवी खाली ठेवली. भिंतीपाशी गेली आणि बरोबर त्या फोटोखाली मांडी घालून बसली, भिंतीला पाठ लावून.

"मग तिच्याकडं बघून बोल," म्हणाली. "मी हितं बसून ऐकते."

आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आतून सावळीरामबाबांचा आवाज दिवेलागणीपर्यंत येत होता.