जावक वहीतली फीत

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी महिनाअखेर आली की माझा हात आपोआप टेबल आवरायला लागतो. धायरीच्या फ्लॅटमध्ये आवरायला असतं काय? विजेचं बिल, औषधांची चिठ्ठी, वाण्याची यादी. सून विचारते, "आई, उद्या तपासणी आहे का कुणाची?" मी हसून वेळ मारून नेते. तिला मी ही गोष्ट सांगितलेली नाही. इथे लिहिते आहे, कारण तोंडाने सांगायला गेले की मी माझी बाजू घ्यायला लागते.

मी पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात कारकून होते. गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म आमच्याकडे येत. दर महिन्याच्या शेवटी प्रत्येक टेबलाचा गोषवारा वर जायचा: आले किती, निकाली किती, पडून किती. पडून असलेल्यांच्या रकान्यात ज्याचं शून्य, तो हुशार. शून्य आणायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे काम करणं. दुसरा म्हणजे त्रुटी काढून फॉर्म परत पाठवणं. परत गेलेला फॉर्म निकाली धरला जाई. त्यातली खुबी अशी की फॉर्ममध्ये तीन त्रुटी असल्या, तरी पत्रात एकच कळवायची. ती पूर्ण होऊन आली की दुसरी, मग तिसरी. एकच फॉर्म तीनदा निकाली निघायचा. हे कुठल्याही नियमात नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला ते पहिल्याच महिन्यात शिकवलं, लोणच्याला मीठ किती घालायचं ते सांगावं इतक्या मायेने.

आणि मी स्वतःला प्रामाणिक समजत होते. अर्जदाराच्या घरचा पेढासुद्धा कधी तोंडात टाकला नाही. "या बाईंच्या टेबलावर वशिला चालत नाही," असं लोक वैतागून म्हणत आणि ते मी पैठणीसारखं मिरवत असे.

आमच्या नोंदवह्या बांधायला एक बाइंडर येत. मंडईमागच्या बोळात त्यांचं दुकान होतं, त्यांच्या आजोबांपासूनचं. ऑफिसात सगळे त्यांना चाचा म्हणायचे. बोलणं हळू, मराठी आमच्या साहेबांपेक्षा स्वच्छ. सुटी पानं, फाटक्या कडा, वाळवीने खाल्लेले पुठ्ठे घेऊन जात आणि अशी वही आणून देत की उघडली की टेबलावर सपाट पसरावी. जाड वहीला पदरची निळी फीत लावत, पान सापडायला सोपं म्हणून. मी एकदा विचारलं, "चाचा, एवढ्या लोकांचे कागद तुमच्या हातून जातात. वाचत असाल ना सगळं?" ते म्हणाले, "नाही ताई. बाइंडरने पानाचा नंबर बघायचा, मजकूर नाही. वडिलांनी सुई हातात द्यायच्या आधी हे शिकवलं." माझ्या टेबलाशी बसून अर्धा कप चहा घेत. सरकारी चहा, त्यामुळे माझ्या तत्त्वात बसत होता.

त्यांना एकच मुलगी. बारावीला फार चांगले मार्क मिळवून फार्मसीच्या पदवीला लागली होती. त्यांच्या घराण्यात कॉलेजात गेलेली ती पहिली. हे मला ऑफिसात दुसऱ्या कुणाकडून कळलं. ते स्वतः बोलले नव्हते. फॉर्म माझ्या टेबलावर आला, तेव्हा आडनाव आणि पत्ता बघून मी ओळखलं.

फॉर्ममध्ये तीन त्रुटी होत्या. उत्पन्नाचा दाखला जुना होता, एका पानावर कॉलेजचा शिक्का राहिला होता, आणि मागच्या हमीपत्रावर वडिलांची सही नव्हती. मी रिवाजाप्रमाणे पहिली कळवली. चाचांनी तहसील कचेरीत खेटे घालून दाखला आणला. मी दुसरी कळवली. मुलगी स्वतः जाऊन शिक्का घेऊन आली. तिसरी मी सत्तावीस तारखेला लिहिली. शेवटची मुदत होती एकतीस.

पत्र लिहिलं की जावक टेबलावर द्यायचं. तिथे वहीत नोंद होते आणि मग ते टपालात पडतं. पण एकेक पत्र घेऊन कोण उठणार? मी ती साठवून गठ्ठ्याने द्यायचे. गोषवाऱ्यात तारीख पत्राची धरतात, टपालाची नाही, त्यामुळे माझं काही अडत नव्हतं. ते पत्र माझ्या काचेच्या पेपरवेटखाली राहिलं.

अठ्ठावीसला चाचा बांधलेल्या वह्या घेऊन आले. चहा आला. कप संपत आल्यावर त्यांनी विचारलं, आणि त्यांनी स्वतःच्या कामाचं मला विचारलं ते आयुष्यात एवढ्या एकाच वेळी. "ताई, मुलीचा फॉर्म आहे तुमच्याकडे. अजून काही लागत असेल तर एकदाच सांगता का? म्हणजे मी आणून ठेवतो."

लागत होती त्यांची सही. ते माझ्यासमोर बसले होते. खिशाला पेन होतं. फॉर्म माझ्या डाव्या हाताच्या कपाटात होता, पत्र त्यांच्या कपापासून वीतभर अंतरावर. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, "चाचा, इथे सही करा."

त्याच सकाळी मी शेजारच्या बाईंना झापलं होतं, त्यांच्या नणंदेच्या मुलाचा फॉर्म रांग सोडून काढला म्हणून. आता माझ्या ओळखीच्या माणसाची सही मी टेबलावर घेतली असती, तर त्या बाईंनी चार जणांत सांगितलं असतं. मी म्हणाले, "जे असेल ते पत्राने कळवलं जाईल."

"बरं," म्हणाले. कप स्वतः उचलून मोरीपाशी ठेवला आणि गेले.

पुढे दोन दिवस सुट्टी आली, एकतीसला मी गोषवाऱ्याच्या गडबडीत होते. माझ्या रकान्यात शून्य होतं, साहेबांनी कौतुक केलं. गठ्ठा जावकला गेला दोन तारखेला. पत्र त्यांच्या दुकानात पाचला पोचलं. सहाला सकाळी ऑफिस उघडायच्या आधी ते दारात उभे होते. मी फॉर्मवर लाल शाईने शेरा लिहून मोकळी झाले होते: पालकाची सही मुदतीत प्राप्त नाही. "मुदत गेली चाचा," मी म्हणाले. "माझ्या हातात काही नाही." त्यांनी सही करायला काढलेलं पेन परत खिशाला लावलं.

नामंजूर झालेल्यांची यादी कॉलेजच्या फळ्यावर लागते, कारणासकट. मुलगी वर्षभर कशीबशी टिकली, मग तिने कॉलेज सोडलं. हे मला कळलं आणि वाईट वाटलं. चार दिवस वाटलं. खोटं कशाला सांगू, त्यापेक्षा जास्त नाही.

दोन-तीन वर्षांनी जुन्या जावक वह्या रेकॉर्ड रूममध्ये टाकायच्या होत्या. त्याआधी त्या बांधायला देतात. चाचा घेऊन गेले. परत आणल्या, तेव्हा मी चहा मागवला. "आज नको ताई," म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे कधीच चहा घेतला नाही.

ते गेल्यावर मी वह्या उघडून पाहिल्या. सगळ्यांच्या फिती पहिल्या पानात होत्या. एका वहीची मधेच होती. तिथे उघडली. पानाच्या मध्यावर नोंद होती: त्यांचं नाव, पत्ता, पत्राचा दिनांक सत्तावीस, रवाना दोन. दोन्ही तारखा शेजारीशेजारी, स्वच्छ अक्षरात. मजकूर न बघणाऱ्या माणसाने ते एक पान बघितलं होतं. एक शब्द न बोलता त्यांनी मला ते दाखवलं आणि माझ्यावर सोडलं. मी फीत उचलून पहिल्या पानात ठेवली आणि वही कपाटात टाकली.

माहितीचा अधिकार आला, तोवर मी बढती मिळून ऑफिसची अधीक्षक झाले होते. माहितीच्या अर्जांना उत्तर द्यायचं काम माझ्याकडे होतं. एक दिवस चाचांचा अर्ज आला. अक्षर थोडं थरथरलेलं. प्रश्न एकच: माझ्या मुलीच्या फॉर्मबाबतचं तिसरं पत्र लिहिलं कधी आणि कार्यालयातून बाहेर पडलं कधी, ते लेखी मिळावं.

उत्तर त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. तरी ते का विचारत होते, हे मला कळलं नाही. मला वाटलं, तक्रार करणार. माझी निवृत्ती तीन वर्षांवर होती.

मी अर्ज साहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, "एवढ्या जुन्या वह्या ठेवायची मुदत कधीच संपली असेल की. नष्ट करायच्या राहिल्या असतील तर नियमाप्रमाणे करून टाका. मग तसं कळवा." सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. ते काम दोन दिवसांत झालं. इतकी वर्षं धूळ खात पडलेल्या वह्यांची यादी मी स्वतः केली, सही केली, रद्दीचा टेम्पो भरताना उभी राहिले. त्या वर्षाची निळ्या फितीची वही मी ओळखली. ती इतकी घट्ट बांधलेली होती की हमालाने फेकली तरी तिचं एक पान सुटलं नाही.

उत्तराला कायद्याने तीस दिवस होते. मी पाचव्या दिवशी पाठवलं: सदर अभिलेख जतन करण्याची मुदत संपल्याने नष्ट करण्यात आला आहे, सबब माहिती उपलब्ध नाही. ते पाकीट मी स्वतः जावक टेबलावर नेऊन दिलं. नोकरीत इतक्या तत्परतेने मी कुणाला काही कळवलं नव्हतं. तक्रार आली नाही, अपीलही आलं नाही. मी सुटले.

निवृत्तीनंतर तो अर्ज मला झोपू देईना. भांडायचं नव्हतं, तर मग त्या माणसाला हवं काय होतं? शेवटी एका सकाळी मी मंडईत भाजी घ्यायला म्हणून निघाले आणि भाजी न घेता मागच्या बोळात शिरले.

दुकान होतं तिथेच होतं. आत एक चाळिशीकडे झुकलेली बाई मांडीवर पुठ्ठा घेऊन वही शिवत होती. ओढणी खांद्यावरून मागे बांधलेली, सुई वरखाली होतेय, नजर वर नाही. मी चाचांना विचारलं. "अब्बा गेले. दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "आपण?"

मी ऑफिसचं नाव सांगितलं. तिचा हात थांबला. मग तिने स्टूल पुढे सरकवलं. मी बसले आणि विचारलं, "त्यांनी एक अर्ज केला होता आमच्याकडे. का केला होता, ठाऊक आहे?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "कॉलेजच्या फळ्यावर लागलं होतं ना, पालकाची सही मुदतीत नाही. इथे दुकानात हा असा कागदांचा ढीग. पत्रावर तारीख सत्तावीस. पाकिटावरचा शिक्का पुसट. मला वाटलं, पत्र आलं आणि अब्बांनी ढिगात टाकून दिलं. ते म्हणायचे, पत्रच उशिरा आलं. मी म्हणायचे, सगळे असंच म्हणतात. चार वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. नंतर बोलायला लागले, पण ते काही पहिल्यासारखं नव्हतं. एक दिवस म्हणाले, आता कायदा आलाय, सरकारकडूनच लिहून आणतो, मग तरी तुझा विश्वास बसेल."

तिने खण उघडला आणि एक घडी केलेला कागद माझ्यापुढे धरला. माझं पत्र. खाली माझी सही.

"हे आलं. मी वाचलं आणि म्हणाले, बघा, काहीच नाही यात. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही."

वहीत ती नोंद त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, आणि हे त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं. बाइंडरने मजकूर वाचायचा नसतो ना. मी तिला सगळं सांगितलं. पेपरवेट, चहाचा कप, त्यांच्या खिशाचं पेन, दोन तारीख, निळी फीत, टेम्पो. मधे मी एकदा "तेव्हा पद्धतच तशी होती" असं म्हणाले आणि तिने माझ्याकडे पाहिल्यावर गप्प झाले. ती रडली नाही. मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली, कारण रडायचा हक्क तिथे माझा नव्हता.

"हे लिहून द्याल?" तिने विचारलं.

तिने वह्यांसाठी ठेवलेला एक कोरा ताव काढून दिला. मी लिहिलं. सत्तावीस तारखेला लिहिलेलं पत्र माझ्या हलगर्जीपणामुळे दोन तारखेला रवाना झालं. विद्यार्थिनीच्या वडिलांचा कोणताही उशीर नव्हता. सही केली. ती म्हणाली, "तारीख घाला," म्हणून तारीखही घातली.

तिने कागद दोनदा वाचला. नंतर अगदी हळू, तिचे वडील बोलायचे तशी बोलली.

"यात काय लिहिलंय ते अब्बा मला तेव्हापासून सांगत होते, बाई. मला नवीन काही नाही यात. मला त्यांना सांगायचंय की आता माझा विश्वास बसला. ते कसं कळवू?"

तिने कागदाची घडी घातली, माझ्या जुन्या पत्राशेजारी ठेवली, खण लावला, आणि सुईत दोरा ओवायला घेतला. तो तिला लवकर ओवता येईना.