तिसऱ्या खणातलं पान

पानासारखी दिसणारी वस्तू पानच आहे, असं बेधडक म्हणणारा माणूस आमच्या भाऊजींना भेटला, की त्याची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपुरातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, पण जीव जडला होता तो दगडांत उमटलेल्या काही ठशांवर. दिसायला नेच्याची पानं. जगात मासा नव्हता, गवत नव्हतं, तेव्हा हे जीव खोल समुद्राच्या तळाशी उभे असायचे म्हणे. कोणी विद्वान त्यांना शेवाळात घाली, कोणी प्राण्यांत. भाऊजींना दोन्ही नामंजूर. "तिथं उजेडच पोहोचत नाही, तं झाड कसं जगन गा? अन प्राणी म्हणावं तं त्याले तोंड नाही, पोट नाही!" हे ते इतक्या कळवळ्यानं सांगत, की त्या उपाशी जीवाला एकदा घरी जेवायला बोलवावं असं मला वाटे.

त्यांच्या कपाटाला तीन खण होते. एकावर चिठ्ठी 'झाड', दुसऱ्यावर 'प्राणी' आणि तिसऱ्यावर 'अजून ठरायचं'. पहिले दोन जवळजवळ रिकामे. तिसरा मात्र परदेशी मासिकांतल्या फोटोंनी इतका भरलेला, की गुडघा लावल्याशिवाय बंद होत नसे. पुढे ताईच्या सेफ्टी पिना आणि विजेची बिलंही त्यातच जाऊ लागली. मुलगी पाहून आल्यावर मी दोन दिवस होकार-नकार काहीच देईना, तेव्हा भाऊजी माझ्या वडिलांना गंभीरपणे म्हणाले, "बापूले सध्या तिसऱ्या खणात ठेवा." बर्डीच्या बाजारात भाजी घ्यायला गेले, की सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडी न् काडी डोळ्यांशी नेऊन तिचे फाटे कसे फुटलेत ते पाहत बसत. त्यांच्या त्या जीवांचे फाटे म्हणे समोरासमोर नसत. एक डावीकडे, मग जरा वर उजवीकडे, असे वेणीच्या पेडांसारखे चढत जात. भाजीवाली शेवटी वैतागून विचारी, "साहेब, घ्याचा हाये का पाहाचाच हाये नुसता?"

एका उन्हाळ्यात ताईनं पाटा धुऊन अंगणात भिंतीला टेकवून ठेवला होता. बाकीच्यांकडे पाटे काळ्या दगडाचे. आमचा तांबूस, वाळूच्या दगडाचा. आई भिवापूरला त्यावर जन्मभर मिरच्या वाटत आली आणि जाण्याआधी तो तिनं ताईच्या हवाली केला. संध्याकाळचं तिरपं ऊन त्यावर पडलं आणि चहा घेऊन बसलेले भाऊजी कपासकट उभे राहिले. पाट्यावर एक पुसटसं पान उमटलं होतं. फाटे एकाआड एक, अगदी फोटोतल्यासारखे.

त्या दिवसापासून पाटा दिवाणखान्यात उशीवर विराजमान झाला. भाऊजींनी कलकत्त्याच्या एका मोठ्या जाणकाराला बोलावणं धाडलं. त्यांनी मान डोलावली, तर पाटा कायमचा कलकत्त्याच्या संग्रहालयात जाणार होता. ताई म्हणाली, "नेऊ द्या," पण मला तिचा आवाज ओळखू आला. आईची तेवढीच एक वस्तू तिच्याकडे होती. इकडे भाऊजींच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले, आणि आयुष्यभर ज्या पानांसाठी भांडले त्यांतलं एकही त्यांच्या नावावर नव्हतं. कोणाच्या बाजूनं बोलावं ते मला कळेना.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ताई म्हणाली, "अवो, जायच्या आंधी एक डाव ठेचा वाटू द्या त्याच्यावर." भाऊजींना नाही म्हणवेना. ते भिंग घेऊन तिच्याशेजारी पाटावर बसले. लाल मिरच्या वाटून झाल्या. ताईनं हातानं ठेचा निपटून घेतला, तरी लाल रंग खाचांत बसून राहिला. भाऊजी वाकले. पानाचा फाटा न् फाटा आता सुट्ट्या सुट्ट्या ठिपक्यांचा दिसत होता. पानाच्या बुडाशी शेपटी होती आणि वरच्या टोकाला, इतके दिवस कोणाच्याच नजरेस न पडलेला, गोल डोळा. पाटा खरखरीत राहावा म्हणून त्याला टाकी लावणाऱ्या बाईनं छिन्नीचा एक घाव डावीकडे, एक उजवीकडे घालत कधीकाळी कोरलेला मासा होता तो. दगडावर बायामाणसांचा हात चालतो, एवढंच आमचे शास्त्रज्ञ विसरले होते.

मग भाऊजींनी असा काही श्वास सोडला, की पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "सुटलो रे बापू! मासा हाये हा."

ताई रडायलाच लागली. "मले वाटलं, गेला आईचा पाटा."

"मले काय कमी धाकधूक होती? रोज रात्री वाटे, हा गेल्यावर ठेचा खाऊ कशावरचा? अन मास्याले त्या बिनतोंडाच्या जीवाइत घुसवलं असतं, तं त्या बिचाऱ्याइले तोंड कोणतं दाखवलं असतं? आण भाकर."

दुसऱ्या दिवशी कलकत्त्याचे पाहुणे आले. भाऊजींनी सगळं सरळ सांगून टाकलं आणि त्यांना ठेचा वाढला. पाहुण्यांनी तांब्याभर पाणी रिचवलं, डोळे पुसले आणि पुन्हा ठेचा मागितला.

आता भाऊजी नाहीत. ताईकडे मिक्सर आला आहे आणि पाटा झिजून गुळगुळीत झालाय. मिरची त्यावर नुसती घसरते. टाकी लावणारी बाई गल्लीत येते, ताई तिला चहा पाजते आणि तशीच परत पाठवते. परवा मी म्हणालो, "ताई, लावून घे ना टाकी."

"त्याइचं पान जाईन ना मंग."

"अवं ताई, मासा आहे तो."

ताईनं पाटा पदरानं पुसला आणि उन्हाकडे तोंड करून भिंतीला टेकवला.

"राहू दे," ती म्हणाली. "अजून ठरायचं हाये ते."