विम्याची बंदूक

आमच्या घरात बंदूक होती. एका नळीची, सासऱ्यांनी शेताच्या राखणीसाठी घेतलेली. सासरे गेले आणि परवाना आमच्या मालकांच्या नावावर झाला. भुईमुगात रानडुकरं घुसली की मालक बांधावर जाऊन हवेत एक बार काढत आणि घरी येऊन जेवायला बसत. त्या बंदुकीनं कधी ससासुद्धा मारला नाही. पुढं उसात बिबटे यायला लागले तेव्हा शेजारपाजारचे लोक मालकांना जरा जास्तच मानानं बोलवायला लागले. त्यांना ते आवडायचं. ते बोलून दाखवायचे नाहीत, पण बोलवायला कोणी आलं की कोपरीवर सदरा चढवून निघायचे.

शेजारच्या गावच्या एका माणसाची बंदूक चोरीला गेली, तिथून सगळं सुरू झालं. तो बेल्ह्याच्या बाजाराला बैल बघायला गेला होता. बंदूक जीपमध्ये सीटच्या खाली ठेवली, वर घोंगडी टाकली आणि बैलाचे दात बघत बसला. परत आला तर घोंगडी होती, बंदूक नव्हती. बंदूक गेली त्याचं दुःख राहिलं बाजूला, पोलिसांनी त्यालाच धरलं. कुणाला विकली, कशाला विकली, सांग. कित्येक महिने त्या माणसाच्या ठाण्यात खेपा चालल्या होत्या. शेवटी परवाना गेला आणि गावातला मानही गेला. लोक त्याच्या तोंडावर काही बोलत नसत, पण तो आला की गप्प बसत. मालकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनात भीती बसली. बिबट्याला न भिणारा माणूस चोराला भ्यायला लागला.

मग विमेवाला आला. तो आमच्याकडं नेहमीचाच. गाईम्हशींचे विमे उतरवायचा, त्यांच्या कानात बिल्ला मारायचा. बंदुकीचाही विमा असतो हे आम्हाला त्यानंच सांगितलं. घरातून चोरीला गेली तरी आणि प्रवासात गेली तरी. मी विचारलं, गाईच्या कानात बिल्ला मारतोस, हिच्या कुठं मारणार? तो हसून म्हणाला, "काकू, हिचा नंबर हिच्या अंगावर जन्मापासनं कोरलेला हाय."

त्यानं अटी समजावून सांगितल्या. घरात असेल तेव्हा लोखंडी कपाटात, कुलपात. कुलूप फोडलेलं दिसलं तरच चोरी धरणार, उघड्या घरातून गेली तर नाही. प्रवासात असेल तेव्हा मालकाच्या स्वतःच्या हातात. गाडीत सोडली, दुसऱ्याच्या हवाली केली, तर विमा नाही. मी चौथी शिकलेली आहे, सावकाश का होईना वाचते. कागद मीही वाचला. तेच लिहिलं होतं. मालकांना विम्याच्या पैशाचं काही नव्हतं. त्यांना वाटायचं, विम्याचं सगळं तंतोतंत पाळलं तर उद्या काही झालं तरी आपल्याला कोणी लबाड म्हणणार नाही. त्यांनी आळेफाट्याहून टेम्पोत घालून लोखंडी कपाट आणलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

खंडेनवमीला आमच्याकडं कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ पाटावर मांडतात आणि त्यांच्या बरोबरीनं बंदूक. दसऱ्यापर्यंत ती तशीच देवापुढं असायची. सोनं द्यायला येणारा माणूस तिलाही हात लावून पाया पडायचा. विमा उतरवला त्या वर्षी मालकांनी बंदूक बाहेर काढलीच नाही. दसऱ्याला दार सताड उघडं, कोणीही आत येणार. त्यांनी कपाट उघडलं, आत हात घालून तिला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि कपाट बंद केलं.

आमची मुलगी तेव्हा माहेरी आलेली होती. एकुलती एक. घोडेगावच्या वरच्या अंगाला एका भाताच्या गावात दिली होती. ती दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती.

"आबा, मला सासरी धाडताना तुमी एवढी कडीकुलपं न्हाई केली," ती म्हणाली. "ही तुमची थोरली लेक. मी आपली धाकटी."

मालक म्हणाले, "थोरली बोलत न्हाई. तेवढी ती बरी."

त्या दिवसापासून बंदुकीचं नाव थोरली पडलं. मुलगी माहेरी आली की पायावर पाणी घेतल्या घेतल्या विचारायची, थोरली कशी हाय? आणि मालक करगोट्याची किल्ली वाजवून दाखवायचे. बापलेकीची अशी चेष्टा चालायची. माझ्याशी ती चेष्टा करत नसे, माझ्याशी फक्त भांडायची.

तिला कावीळ झाली ती श्रावणात. सासरच्यांनी गावठी औषध दिलं. त्यांना मी दोष देत नाही, आम्हीही तेच दिलं असतं. पण कावीळ उतरली नाही, पोटात पाणी झालं. घोडेगावात दाखवलं, तिथून मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. जावयाच्या ओळखीचा डॉक्टर आळेफाट्याला होता म्हणून जीप करून तिला तिथं आणलं.

त्याच दिवसांत निवडणूक लागली होती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. पोलीस पाटलानं निरोप दिला आणि मालक सकाळी रेक्झिनच्या खोळीत बंदूक घालून एसटीनं निघाले. ते गेले आणि गावातल्या दुकानात जावयाचा फोन आला. शेजारच्या मुलानं मला मोटारसायकलवर बसवून फाट्यावर आणलं. बघते तर मालक स्टँडवर पुढच्या गाडीची वाट बघत उभे. त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलं तसे ते खोळ खांद्याला लावून माझ्यापुढं चालायला लागले.

दवाखाना वरच्या मजल्यावर होता, खाली टायरची दुकानं. जिन्याच्या तोंडाशी वॉचमननं त्यांना अडवलं. खोळीवरूनच त्याला कळलं. बंदूक घेऊन वर जायचं नाही, पेशंट घाबरतील, असं तो म्हणाला. मी थांबले नाही, वर गेले.

मुलगी हळदीसारखी पिवळी झाली होती. डोळेसुद्धा पिवळे. मला ओळखलं. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सरळ सांगितलं, आजचा दिवस जाणं अवघड आहे, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. तो तसं बोलला ते बरंच केलं.

मी खाली आले. तोवर डॉक्टरही एकदा खाली येऊन मालकांना समजावून गेला होता. वॉचमन म्हणत होता, माझ्या खोलीत ठेवा, मी हलत नाही. जावई हात पुढं करून उभा होता, आबा, मी धरतो, तुम्ही वर जा. मालक खोळ छातीशी धरून टायरच्या ढिगाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा बघितला नव्हता. मला म्हणाले, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, परवाना माझा आहे.

मी म्हणाले, "ती चालली. डागदर म्हणतोय आजचा दिवस न्हाई निघायचा."

त्यांनी खोळ आणखी घट्ट धरली. मग म्हणाले, "ठाण्यात देतो आन् येतो. मग बसतो तिच्याजवळ. मग उठतच न्हाई."

ठाणं तिथून लांब, एसटीनं जावं लागायचं. मी सांगितलं, गेलात तर भेट होणार नाही. एवढंच सांगितलं. रस्त्यावर भांडायला माझ्या अंगात ताकद नव्हती, आणि वर मुलगी एकटी होती. गाडी आली आणि ते तिच्यात चढले.

दुपारी मुलगी शुद्धीवर होती. तिनं विचारलं, आबा कुठं हायेत? मी खोटं बोलले नाही. आले होते, बंदूक जमा करायला गेलेत, येतायत, असं सांगितलं. तिचे ओठ सुकले होते, मी कापूस भिजवून लावत होते. तिनं थोडा वेळ डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "थोरलीला पोचवायला गेले व्हय."

ती हसली, का नाही, मला आजही सांगता येत नाही. चेहरा सुजलेला होता. त्यानंतर ती काही बोलली नाही. ऊन खिडकीतून कॉटवर आलं आणि भिंतीवर गेलं, तेवढ्यात ती गेली. तिच्या तोंडात पाणी मी घातलं, जावयानं घातलं. बापाचं राहिलं.

मालक दिवस मावळायला आले. ठाण्यात बंदुका घेणारा माणूस बंदोबस्ताला गेलेला होता, तो येईपर्यंत हे बाकावर बसून राहिले होते. हातात पावती होती. ती धरूनच ते जिना चढले. आता त्यांना कोणी अडवलं नाही.

निवडणूक झाली. बाकीच्यांनी आपापल्या बंदुका आणल्या. मालक गेले नाहीत. ठाण्यातून निरोपावर निरोप आले, शेवटी पोलीस पाटील त्यांना घेऊन गेला आणि बंदूक घरी आली. पण ती त्यांनी कपाटात ठेवली नाही. ओसरीवरच्या खुंटीला अडकवली, रस्त्यावरून दिसेल अशी. विमेवाला नेहमीसारखा आला. कपाट उघडं, बंदूक बाहेर, हे बघून त्यानं हळूच विचारलं, "काका, चोरीला गेली तर?"

मालक म्हणाले, "जाऊ दे."

विमा तिथंच संपला. ओसरीवर ती बंदूक वर्षभर लटकत होती. आम्ही शेतावर गेलो तरी दार उघडं असायचं. मला कळत होतं, ते वाट बघतायत. पण कोणीही नेली नाही. गवंडी आले, मेंढपाळ राहून गेले, बोअरवाले आले, कोणी तिला हात लावला नाही. पुढच्या दसऱ्याला लोक सोनं द्यायला आले आणि खुंटीखाली उभे राहून तिच्या पाया पडून गेले. मालक उठून मागल्या दारी गेले.

दुसऱ्या दिवशी मीच ती कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. चोरानं नेली असती तर दुसऱ्याच कोणाच्या पोरावर चालली असती. मालकांनी किल्ली कधी मागितली नाही. रानडुकरं भुईमूग खात राहिली.

मालक गेले त्याला पुढं बरीच वर्षं लागली. बिबट्यांचा सुळसुळाट झाला, पिंजरे लागले, लोक बोलवायला यायचे बंद झाले. ते गेल्यावर पोलीस पाटील म्हणाला, काकू, वारस कोणी नाही, बंदूक सरकारात जमा करावी लागेल, मी बरोबर येतो. आम्ही एसटीनं निघालो. खोळ जुनीच, तिचे टाके उसवलेले. मी ती आडवी मांडीवर घेतली.

आळेफाट्याला गाडी चहाला थांबली. सगळे उतरले. खिडकीतून तो दवाखाना दिसत होता. खाली टायरची दुकानं तशीच, वर रंग नवा. पोलीस पाटील चांगला माणूस. म्हणाला, "काकू, द्या माज्याकडं, मी धरतो. तुमी खाली उतरून चा घ्या, पाय मोकळे करा."

तहान लागली होती. पायही आखडले होते. एवढी वर्षं मी मालकांना मनात एकच म्हणत आले, द्यायची होती की कोणाच्या तरी हातात, किती वेळाचा प्रश्न होता. आजही तेच म्हणते. त्यांना मी माफ केलेलं नाही.

पाटलाला मात्र मी नको म्हणाले. गाडी सुटेपर्यंत खोळ दोन्ही हातांनी धरून बसले.