बारा अर्घ्यं आणि एक कुंती

लग्न होऊन मुलुंडला येताना प्रेमा वेर्णेकरने माहेरून पुष्कळ काही आणलं होतं. त्यातल्या दोन गोष्टींचं काय करायचं, हे सासरी कुणालाच कळलं नाही. एक वनस्पतिशास्त्राची पदवी आणि दुसरा तार वळवायचा चिमटा. तिच्या वडिलांचं घाटकोपरला सोन्याचांदीचं लहानसं दुकान होतं. शाळेतून आली की दप्तर टाकून प्रेमा त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची आणि तार लाल कधी होते, मऊ कधी होते, ते बघत राहायची. सासरी पदवी कपाटात गेली आणि चिमटा स्वयंपाकघरातल्या फळीवर. बारा वर्षं ती त्याने पापड उलटत होती.

पंचावन्न सालच्या जानेवारीत जयंतीबाई रेगे तिच्याकडे आल्या. जूनपासून मुलुंडात मुलींची नवी शाळा निघायची होती, जयंतीबाई तिथल्या मुख्याध्यापिका होणार होत्या, आणि शास्त्र शिकवायला त्यांना पदवीधर बाई हवी होती. "अक्षय्य तृतीयेपर्यंत सांगा," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मात्र मी दुसरी बघेन."

प्रेमाचा जीव एकदम वर आला आणि तितक्याच झटक्यात खाली बसला. लेक क्षमा दहा वर्षांची होती, तिची शाळा सकाळची. दुपारी घरी येईल तेव्हा वाढणार कोण? ताप आला तर? जिन्यावरून पडली तर? घर बैठं होतं, जिना नव्हता, पण काळजीला जिना लागत नाही.

"तू ठरव," तिचा नवरा श्यामकांत म्हणाला. "भाऊंना तेवढं तूच सांग."

भाऊ म्हणजे तिचे सासरे. पोस्टातून निवृत्त झालेले, सासूबाई गेल्यापासून ओसरीवरच्या आरामखुर्चीत मुक्काम ठोकलेले. सरळ नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अट घालणं होतं. म्हणून प्रेमा चार दिवस गप्पच राहिली.

पाचव्या दिवशी ती शेणखत आणायला भिकाजीच्या नर्सरीत गेली. खताच्या ढिगामागे गंजलेल्या पत्र्याच्या डब्यात एक झुडूप कलंडून पडलेलं दिसलं. कुंती. बंगल्यांच्या कुंपणाला लावतात, पांढऱ्या फुलांना मोगऱ्यासारखा वास येतो, तीच. अंगावर कोळिष्टकं, वरची निम्मी पानं झडलेली. पण बुंधा! मनगटाएवढा जाड, फिकट पिवळा, खाली पसरत गेलेला, म्हाताऱ्या झाडाला शोभेल असा.

"ते कुंपनाचं उरलेलं हाय, बाई," भिकाजी म्हणाला. "सात वर्सं झाली. मेलंय ते. न्यायचं तर न्या तसंच."

प्रेमाला कॉलेजातले प्राध्यापक आठवले. त्यांनी एका परदेशी मासिकातलं चित्र वर्गात फिरवलं होतं. ताटाएवढ्या कुंडीत उभं असलेलं शंभर वर्षांचं झाड. तेव्हा चित्र हातात आल्यावर ती ते पुढे द्यायलाच विसरली होती. आता डबा कडेवर घेऊन ती घरी आली.

"हे काय, सरपण?" भाऊंनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"कुंती आहे, भाऊ. जपानात झाडं अशी छाटून, वळवून लहान कुंडीत वाढवतात. बॉन्साय म्हणतात."

"म्हणजे झाडांचा वामनावतार."

"तसंच काहीसं." मग तिने डोळे मिटून विहिरीत उडी मारावी तसं शाळेचंही सांगून टाकलं.

भाऊंनी पेपराची घडी घातली. झुडपाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "ठीक. अक्षय्य तृतीयेला या वामनाला नवी पालवी असली तर जा शाळेत. एक झाड सांभाळता आलं नाही तर चाळीस पोरी काय सांभाळणार?"

प्रेमाने कुंती डब्यातून मातीच्या कुंडीत घातली आणि ओसरीच्या पूर्वेच्या कठड्यावर, कोवळ्या उन्हात ठेवली. तिचा हिशेब सरळ होता. माती सुकली की पाणी घालायचं, एरवी नाही. पण माती सुकतच नव्हती. आठवडा गेला तरी बोट घातलं की गार चिखल. उरलेली पानंही पिवळी पडून गळायला लागली.

"क्षमा, खरं सांग, तू पाणी घालतेस?"

"देवाशप्पथ नाही गं, आई! मी कशाला घालू? मला तर ते भुतासारखं दिसतं."

श्यामकांत तर तुळशीलाही सांगितल्याशिवाय पाणी घालत नसे. उरले भाऊ. प्रेमाच्या मनात एक कडू विचार येऊन गेला. आपण शाळेत जाऊ नये म्हणून तर हे...? छे. विचाराची तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीच्या दाराआड उभी राहिली. भाऊ आंघोळ करून आले, उगवत्या सूर्याकडे तोंड करून, हातात तांब्या. पौष महिना. दर पौषात ते रथसप्तमीपर्यंत रोज सूर्याला बारा अर्घ्यं देत. मित्राय नमः, एक धार. रवये नमः, दुसरी. बाराच्या बारा धारा अचूक कुंतीच्या कुंडीत. तांब्या रिकामा झाल्यावर भाऊ वाकले आणि झुडपाला हळूच म्हणाले, "पालव रे बाबा लवकर. पोर हौशी आहे."

प्रेमाचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. पण सांगायला तर हवंच होतं. तिने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि धीर केला.

"भाऊ, तुमचं अर्घ्य कुंडीत जातं."

"मग? ते पाणी पायदळी येऊ नये. आजवर तुळशीत घालायचो. म्हटलं, यंदा या गरिबाला पुण्य मिळू दे."

"त्याची मुळं कुजताहेत."

भाऊंचा कप वाटेतच थांबला. "सूर्याला दिलेलं पाणी झाडाला बाधतं?"

"सूर्याला नाही बाधत, भाऊ. मुळांना बाधतं. तुळस जमिनीत आहे, पाणी खाली उतरून जातं. कुंडीतलं जाणार कुठे? रोज बारा धारा!"

त्यांनी कप कठड्यावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मीच मारलं म्हण की."

"अजून मेलं नाहीये."

संध्याकाळी हकिकत ऐकून श्यामकांत खो खो हसला. "कुंतीला सूर्याचा प्रसाद नेहमी जडच जातो!" भाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो हात धुवायला उठून गेला.

रविवारी प्रेमाने कुंती उपटली. मुळांचा कुबट वास ओसरीभर पसरला. काळी पडलेली, बोटांत लिबलिबणारी मुळं तिने कात्रीने कापली. निम्म्याहून अधिक गेली. मग नखाने बुंध्याची साल खरवडत ती वरून खाली आली. तपकिरी, तपकिरी, पुन्हा तपकिरी. वीतभर उंचीवर आल्यावर हिरवी रेघ दिसली. डावीकडे पेन्सिलीएवढी एक फांदीही हिरवी निघाली. तिथून वरचं सगळं तिने करवतीने उडवलं.

"वाट लागली!" भाऊ खुर्चीतून उठले. "अगं, उरलं काय?"

"जिवंत होतं तेवढं उरलं."

विटांचे बारीक तुकडे, खाडीची नव्हे तर नदीची धुतलेली वाळू, थोडं पानांचं खत; अशा निथळत्या मातीत तो खुंट तिने पुरला आणि सावलीत ठेवला. भाऊंनी दुसऱ्या दिवसापासून अर्घ्य ताम्हनात घेतलं आणि ते ताम्हन दोन्ही हातांनी सांभाळत परसातल्या केळीपर्यंत नेऊन रिकामं केलं.

पुढचा महिना वाईट गेला. खुंट म्हणजे खुंट. प्रेमा येता जाता त्याच्याकडे पाही. वडील म्हणत, भट्टीतलं सोनं सारखं हलवू नये. ती हात मागे घेई. भाऊ पेपर वाचायची खुर्ची तिथे ओढून बसत आणि विचारलं तर म्हणत, "इथे वारा बरा येतो." जयंतीबाई एकदा बाजारात भेटल्या, तेव्हा प्रेमाने कोथिंबिरीचा भाव विचारता विचारता वेळ मारून नेली.

धुळवडीच्या सकाळी ओसरीवरून आरोळी आली. "सूनबाई! दूध उतू गेलं तरी जाऊ दे, इकडे ये!"

सालीतून मोहरीएवढे तीन ठिपके वर आले होते. पोपटी. चौथा फांदीच्या काखेत. दूध खरंच उतू गेलं.

एप्रिलपर्यंत कोंभांना पानं आली. नको ते प्रेमाने खुडले, हवे ते ठेवले. मग त्या जुन्या फांदीची पाळी आली. ती सरळ वर गेली होती आणि म्हाताऱ्या झाडाची फांदी अशी ताठ नसते. प्रेमाने जळलेल्या पंख्यातली तांब्याची तार सोडवली, शेगडीच्या निखाऱ्यावर लाल केली आणि पाण्यात बुडवली. तार दोऱ्यासारखी मऊ झाली. फळीवरचा चिमटा पापडाचा जळका कण पुसून बाहेर आला.

"कुंडी धरा, भाऊ. हलू देऊ नका."

पाटलीवर तार चढवावी तशी तिने ती तिरक्या वेढ्यांनी फांदीवर चढवली. सैल नको, आणि साल चावेल इतकी घट्टही नको. मग दोन्ही अंगठे खाली लावून थोडं थोडं वाकवू लागली.

"मोडेल गं!"

"बोलू नका. आवाज ऐकू द्या."

लाकूड जरासं कुरकुरलं. ती थांबली. पुन्हा दाबलं. फांदी वळली, खाली झुकली आणि तिथेच राहिली. गोराईच्या किनाऱ्यावर वाऱ्याने एका अंगाला लोटलेली झाडं असतात, तसं ते वीतभर झाड दिसू लागलं. भाऊंनी किती तरी वेळाने श्वास सोडला. "झकास," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून प्रेमाने आधी कधी ऐकला नव्हता.

अक्षय्य तृतीयेला जयंतीबाई आल्या. उत्तर ऐकायला आल्या होत्या, पण ओसरीवरच थबकल्या. "अगंबाई! हे तुम्ही केलंत? याला पाणी किती घालता?"

प्रेमा तोंड उघडणार एवढ्यात भाऊ म्हणाले, "बोट खुपसून बघायचं. कोरडं लागलं तरच. लोक श्रद्धेने ओतत बसतात आणि झाडं मारतात."

प्रेमा जयंतीबाईंसाठी आणलेल्या आमरसाच्या वाटीत पाहत राहिली.

"जूनमध्ये हे वर्गातल्या टेबलावर ठेवू या," जयंतीबाई म्हणाल्या. "मुलींना दाखवायला."

"बाई न्या," भाऊ म्हणाले. "झाड मिळणार नाही."

म्हणजे परवानगी मिळाली होती. प्रेमाला ते कळलं आणि लगेच घरातली दुपारही आठवली. ती अडखळत म्हणाली, "पण भाऊ, क्षमा दुपारी येते. वाढायचं, तिचं बघायचं..."

"या मुक्या खुंटाला काय हवंय ते मी समजून घेतलं ना? ती तर भूक लागली की गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते. मी वाढीन."

क्षमाने आतून ओरडून विचारलं, "कोण ओरडतं?"

"जूनपासून येते," प्रेमा जयंतीबाईंना म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

जयंतीबाई गेल्यावर भाऊ वहीचं एक कोरं पान आणि पेन्सिल घेऊन तिच्यासमोर येऊन बसले. "हां, सांग आता. तार कधी सोडायची? आणि सोडताना उलटी फिरवायची की कापायची? नीट सांग. तू वर्गात असशील, तेव्हा मी कुणाला विचारू?"